दापोलीला कायमचं राहायला जायचंय – तिथल्या हवेबद्दल खरं खरं सांगा

शेवटची_यष्टी
मंडळी, पुढच्या वर्षी रिटायर होतोय. कोथरूडला फ्लॅट आहे, मुलगी बंगलोरला, म्हणजे आता आम्ही दोघंच. बरीच वर्षं डोक्यात आहे की दापोलीकडे छोटंसं घर बांधून तिकडेच राहायचं. डिसेंबरात जाऊन आलो, सकाळी अक्षरशः स्वेटर घालून फिरत होतो, आकाश निळंशार, चहाच्या टपरीवर धुकं, मी तर जागेवरच फिदा. दोन जागा बघितल्यात, एक दापोली गावाच्या बाहेर वर सड्यावर (उघड्या कातळी पठारावर) आणि दुसरी आंजर्ल्याला खाली, समुद्रापासून चालत जाण्याएवढी.
बायकोचं म्हणणं, "डिसेंबरात कुठलंही गाव छान दिसतं, जुलैत राहून दाखव." तिला सांधेदुखी आहे. तर प्रश्न असे की पाऊस नेमका किती आणि कसा पडतो, ओल-बुरशीचं काय, उन्हाळा झेपतो का, लाइट टिकते का. आणि कृपा करून पावसावरच्या कविता नकोत, मलाही पाऊस आवडतो, म्हणून तर विचारतोय.

धुकट
पहिला! पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

सडेकर
जन्म दापोलीतला, नोकरीपुरता मुंबईत होतो, आता परत गावात. जरा विस्ताराने लिहितो.

पाऊस वर्षाला साधारण साडेतीन हजार मिलिमीटर. पुण्याचा वर्षाचा पाऊस सातशे-साडेसातशे, तेवढा आमच्याकडे जुलैच्या तीन आठवड्यांत होऊन जातो. आणि हा सगळा जून ते सप्टेंबर, ऑक्टोबरात थोडी शेपटी, पुढचे सात महिने जवळजवळ काही नाही. महसूल खात्याच्या हिशोबात २४ तासांत ६५ मिमी पडला की अतिवृष्टी, आमच्याकडे जुलैत तसे दिवस पडले तर कुणी मान वर करून बघत पण नाही.

पण आकड्याने काही कळत नाही. पाऊस सतत पडत नाही हे लक्षात घ्या. लाटा असतात. किनाऱ्याला समांतर कमी दाबाचा पट्टा गुजरातपासून केरळपर्यंत तयार झाला की आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, दुपारी घरात दिवे लावावे लागतात. मग तो पट्टा विरला की मध्येच दोन दिवस असं ऊन पडतं की वाटावं संपला पावसाळा. त्या उघडिपीत बायका गाद्या काढतात, पुरुष छपरावर चढतात, आणि सगळं बाहेर वाळत पडलेलं असताना सर येते, ते वेगळं.

बाकी वर्ष असं: पावसाळ्यात हवा २४ ते २८ अंश, पंखा लागतो पण गरम म्हणून नाही, हवा हलावी म्हणून. ऑक्टोबर बेक्कार. जमीन ओली, वर कडक ऊन, म्हणजे उकडून निघतो माणूस. नोव्हेंबर मध्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत तुम्ही बघितलंत ते. मार्चमध्ये अचानक भट्टी. एप्रिल-मे घाम. तुम्ही जो महिना बघून प्रेमात पडलात तो सगळ्यात लबाड महिना आहे.

कुबट
बुरशीचं मी सांगतो. श्रावणात कपाट उघडा, चामड्याचा पट्टा हिरवा, बूट पांढरे, सासूबाईंची पैठणी काळजीत. पुस्तकं असतील तर पुण्यातच ठेवा किंवा काचेच्या बंद कपाटात, आत बल्ब लावून. जुन्या लोकांचा हाच उपाय, साधा पिवळा बल्ब कपाटात दिवसभर चालू. एलईडी आली आणि ऊब गेली, आता तसला बल्ब शोधायला लागतो.

शेवटची_यष्टी
पुस्तकं सहा कपाटं आहेत :(
लबाड महिना वाचून बायको जोरात हसली.

गोदाकाठ
डिह्युमिडिफायर घ्या की सरळ. कपडे वाळतात, भिंती वाळतात. एका खोलीपुरता पुरतो.

कुबट
@गोदाकाठ, लाइट असली तर ना.

पारा_चढला
माझा विषय निघाला म्हणून लॉगिन केलं. हवामानशास्त्रात कोपेनचं वर्गीकरण असतं, त्यात दापोली "एएम" म्हणजे उष्णकटिबंधीय मोसमी हवामान. गंमत म्हणजे सगळ्यात कोरड्या महिन्यात पाऊस शून्य असला तरी चालतो, अट अशी की कोरड्या महिन्याचा पाऊस १०० वजा वार्षिक पाऊस भागिले २५ एवढा किंवा जास्त हवा. दापोलीचे ३५०० घेतले तर उत्तर येतं उणे ४०. म्हणजे वर्षाला २५०० च्या वर गेलात की जानेवारीत एक थेंब नाही पडला तरी तुम्ही या गटात. मुंबई सव्वादोन-अडीच हजारात आहे म्हणून काठावर, बहुतेक नकाशांत ती सवाना (उष्ण गवताळ प्रदेश) गटात टाकतात. पुणे तर निमशुष्क आणि सवानाच्या सीमेवर.
धागाकर्त्यांना यातून घ्यायचं ते एवढंच की या वर्गीकरणात सहा-सात महिन्यांचा कोरडा काळ लपून जातो. नकाशात दापोली आणि सदाहरित जंगलवाली गावं एकाच रंगात दिसतात. तो कोरडा काळच तुम्हाला जास्त त्रास देणार.

धुकट
पुण्याला सवाना म्हणालात, आता पुणेकर सिंह झाले म्हणून फिरतील.

वाईकर_साधा
मला एक कळत नाही, दापोलीला "मिनी महाबळेश्वर" कोण म्हणतं? महाबळेश्वर साडेचार हजार फूट, दापोली आठशे. पाऊस महाबळेश्वरला साडेपाच हजार मिमीच्या वर. २०२१ च्या २२-२३ जुलैला एका दिवसात ५९० च्या वर पडला होता, त्याच दिवसांत चिपळूण बुडालं आणि तळियेला दरड आली. जरा तुलना करताना लाज बाळगा. (हलके घ्या.)

सडेकर
वाईकर, तुम्ही महाबळेश्वरच्या पायथ्याला पावसाच्या सावलीत बसून महाबळेश्वरचा अभिमान बाळगता हे पण भारीच. वर ढग, खाली तुमच्याकडे पन्हाळीतून थेंब पडायची वाट.
असो. उंची कमी आहे हे खरंच आहे. पण थंडी आहे हेही खरं, आणि त्याला कारण आहे. दापोली सड्यावर, उघड्या पठारावर आहे. हिवाळ्यात आभाळ निरभ्र, वारा पूर्वेकडून कोरडा, रात्री जमीन भराभर उष्णता सोडते. कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत डिसेंबर-जानेवारीत किमान तापमान दहाच्या आसपास आणि कधी त्याखाली जातं, दरवर्षी पेपरात बातमी येतेच. तिथून सरळ रेषेत समुद्र सात-आठ किलोमीटर. हर्णैला त्याच पहाटे कितीतरी ऊबदार असतं कारण समुद्र रात्रभर उष्णता देत राहतो. म्हणून इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात कॅम्प टाकला तो हर्णैला नाही, वर दापोलीत. अजून म्हातारी माणसं "कॅम्पात जाऊन येतो" म्हणतात.
धागाकर्त्याच्या दोन जागांमध्ये हाच फरक आहे. सडा आणि आंजर्लं म्हणजे दोन वेगळी हवामानं समजा.

वाईकर_साधा
मान्य. तरी स्ट्रॉबेरी आमचीच.

हर्णैकर
खालची बाजू मी मांडतो. किनाऱ्यावर थंडी कमी पण उन्हाळाही कमी. मे महिन्यात दुपारी दोननंतर खारं वारं सुटलं की झाडाखाली झोप लागते. सड्यावर त्या वेळी कातळ तापून वाफा मारत असतो. पण खारी हवा लोखंड खाते. खिडकीचे गज, गेट, टीव्हीचा अँटेना, फ्रिजची मागची जाळी, काही म्हणता काही टिकत नाही. स्कूटरला नवा सायलेन्सर लावायची सवय ठेवा. खिडक्या लाकडी नाहीतर अॅल्युमिनियमच्या करा.
आणि पावसाळ्यात समुद्र बघायला मिळेल या भ्रमात राहू नका, समुद्र दिसतच नाही, राखाडी भिंत दिसते आणि आवाज येतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, बंदरात लिलाव बंद, होड्या वर ओढून माडाच्या झापांनी आणि प्लास्टिकने झाकलेल्या. ताजी मासळी म्हणजे खाडीतली नाहीतर शेतातल्या पाण्यात चढून आलेली. बाकी सगळा सुक्या मासळीवर कारभार.

माडाची_सावली
आंजर्लं म्हणालात म्हणून लिहिते. माझं माहेर तिथून जवळच.
३ जून २०२०. निसर्ग चक्रीवादळ. आदल्या दिवशी फोनवर आईला म्हटलं होतं, घाबरू नकोस, आपल्याकडे वादळं येतात कुठे, ती पूर्व किनाऱ्याला. दुपारी फोन लागेना. मग कितीतरी दिवस लागलाच नाही. लॉकडाऊन चालू, जायचं कसं. शेवटी पास काढून भाऊ पोचला तर वाडीत आभाळ दिसत होतं. ज्यांनी कोकणातली वाडी बघितलीय त्यांना कळेल हे किती भयंकर वाक्य आहे, माडा-पोफळींच्या वाडीत कधी आभाळ दिसत नसतं. सुपाऱ्या सगळ्या एकाच दिशेला आडव्या. पोफळ लावल्यावर सहा-सात वर्षांनी धरते, माड त्याच्याच आगेमागे. बाबांचं वय तेव्हा ७४. त्यांनी परत लावल्या.
पत्रे उडाले, कौलं तर मोजायची सोयच नव्हती, आणि डोक्यावर पावसाळा उभा. पत्रे मिळेनात, मिळाले तर चढ्या भावाने. दापोली-मंडणगडच्या कित्येक गावांत लाइट यायला आठवडे लागले. पुढच्याच वर्षी मे मध्ये तौक्ते, ते समुद्रातूनच वर गेलं म्हणून तेवढ्यावर भागलं.
घाबरवत नाहीये. पण किनाऱ्यावर बांधणार असाल तर छप्पर कसं बांधलंय याला पहिला खर्च करा, फरशीला नंतर.

शेवटची_यष्टी
ताई, वाचून गप्प झालो. बाबांना नमस्कार सांगा.
छपराचं लिहून घेतलं. आता पाण्याचं विचारत नाही, एवढ्या पावसात पाण्याची चिंता नसणार.

सडेकर
अहो!! पाण्याचंच पहिलं विचारायचं!!

पारा_चढला
हाहा, मघाशी म्हटलं तो कोरडा काळ इथे आला बघा.

सडेकर
फोनवर होतो, आता नीट लिहितो. सड्यावर जांभा दगड. दिसायला लाल, घट्ट, त्याचेच चिरे काढून घरं बांधतो आपण. पण आतून सच्छिद्र, फटी-भेगांनी भरलेला. पाऊस पडतो, आत जातो, उताराने झऱ्यांना फुटतो आणि वहाळातून खाडीला. जमीन धरूनच ठेवत नाही. ऑगस्टमध्ये विहीर काठोकाठ, हाताने पाणी घ्यावं अशी, आणि तीच विहीर एप्रिलच्या शेवटी तळ दाखवते. मेमध्ये कित्येक वाड्यांवर टँकर येतो. कोकणाबाहेरच्यांना हे पटतच नाही.
म्हणून सड्यावरची जागा घेताना मालक म्हणेल "बोअरला भरपूर पाणी", तुम्ही म्हणा, बरं, मे महिन्यात येऊन बघतो. मालकाचा चेहरा बघून अर्धं उत्तर मिळेल.
गावकरी पाऊस संपला की वहाळावर पोत्यांत माती भरून वनराई बंधारे घालतात, त्याने खालच्या विहिरींना महिना-दीड महिना जास्त पाणी राहतं. विद्यापीठाने जलकुंडाचं तंत्र दिलंय, खड्डा खणून त्यात जाड प्लास्टिकचा कागद, त्यातलं पाणी कलमांना पुरवायचं. झाडांना चांगलंय, पिण्याला नाही.

गोदाकाठ
छपराचं पाणी साठवा की. १ मिमी म्हणजे एका चौरस मीटरला १ लिटर. हजार चौरस फुटांचं छप्पर म्हणजे ९३ चौरस मीटर, गुणिले ३५०० म्हणजे सव्वातीन लाख लिटर! दहा हजार लिटरचे बत्तीस टँकर फुकट.

कुबट
आणि ते सव्वातीन लाख लिटर ठेवणार कुठे, सासूबाईंच्या कपाटात?

गोदाकाठ
सगळं कशाला ठेवायचं. दोन माणसं, माणशी १३५ लिटर, दिवसाला २७०. फेब्रुवारी ते मे १२० दिवस धरले तर ३२,४०० लिटर. म्हणजे पडणाऱ्यातला दहावा हिस्सा. पस्तीस हजारांची टाकी जमिनीखाली, घर बांधतानाच. नंतर करायला गेलात तर जांभा फोडायचा खर्च वेगळा.

सडेकर
हे बरोबर आहे आणि मी स्वतः सगळ्यांना हेच सांगतो. दोन गोष्टी फक्त. पहिल्या पावसाचं पाणी टाकीत घेऊ नका, छपरावरची धूळ-पालापाचोळा-माकडांचा प्रसाद सगळा वाहून जाऊ द्या. आणि पाहुणे धरा. मे महिन्यात तुमच्याकडे दोन माणसं नसणार, चौदा असणार.

हर्णैकर
+१ पाहुण्यांना. कोकणात घर घेतल्यावर नातेवाईक वाढतात.

झाडावरचा_आंबा
अवांतर होतंय पण कुणीतरी हंगामाबद्दल बोला. माझी शंभरेक कलमं आहेत, जालगावच्या पुढे. सगळं गणित बिघडलंय. आंब्याला मोहोर यायला पाऊस वेळेवर थांबून जमिनीला ताण बसावा लागतो आणि मग थंडी. पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत रेंगाळला की झाड मोहोराऐवजी पालवी काढतं. मग मोहोर जानेवारीत, त्याच्यावर ढगाळ हवा, तुडतुडा, फुलकिडे, फवारणीवर फवारणी. कैरी धरली की मार्चमध्ये उष्णतेची लाट, कैरी गळते, उरलेली उन्हाने भाजते. आणि एवढ्यातून वाचून फळ तयार होतंय तोवर मेमध्ये पाऊस.
२०२५ आठवा. मॉन्सून २४ मेला केरळात, दुसऱ्या दिवशी तळकोकणात, २६ ला मुंबईत. मुंबईत एवढ्या लवकर कधी आल्याची नोंदच नव्हती. आणि त्याच्या आधीच आमच्याकडे पूर्वमोसमी धो धो चालू होता. ज्यांचा माल मागास होता त्यांचा झाडावरच राहिला. कॅनिंगवाला पण नाक मुरडतो.

पन्हळ
आमचे आजोबा पंचांग बघून सांगायचे, मृगाला वाहन बेडूक, पाऊस भरपूर. म्हैस, हत्ती, बेडूक आले की ते खूश, गाढव, कोल्हा आले की वैतागायचे. हवामान खात्यापेक्षा बरं.

पारा_चढला
@पन्हळ, दापोलीत साडेतीन हजार मिमी पडतो, गाढवावर बसून आला तरी भरपूरच पडणार. आजोबांचा अंदाज चुकायला जागाच नव्हती :)
@झाडावरचा_आंबा, मार्चच्या लाटेबद्दल. पूर्वेकडचे कोरडे मतलई वारे सकाळी उशिरापर्यंत चालू राहतात, समुद्राकडून येणारे खारे वारे अकराऐवजी दुपारी एक-दोनला सुटतात, तोवर पारा ३८ च्या पुढे गेलेला असतो. म्हणून किनारपट्टीचं सगळ्यात जास्त तापमान बऱ्याचदा मेमध्ये नाही, फेब्रुवारी शेवट ते मार्चमध्ये नोंदलं जातं. रायगडात भिऱ्याला मार्च २०१७ मध्ये ४६.५ नोंदवलं होतं, तेव्हा विदर्भवाले पण चमकले.

पन्हळ
आजोबा गेले हो आता, जाऊ द्या त्यांना.
पण तरणा पाऊस, म्हातारा पाऊस हे अजून बरोबर बसतं. पुनर्वसूतला तरणा, पुष्यातला म्हातारा, आणि म्हातारा चिवट. जुलैच्या शेवटी तो बसला की उठत नाही.

फुरसं
कुणी सरपटणाऱ्यांबद्दल बोललंच नाही म्हणून मी आलो. (आयडीवर जाऊ नका.) सड्यावर फुरसं असतं, विषारी साप, हातभराचं, मातकट, दगडाच्या रंगाचं. पाऊस सुरू झाला की बिळात पाणी जातं, मग साप, विंचू सगळे कोरड्या जागेच्या शोधात, आणि कोरडी जागा म्हणजे तुमची पडवी, तुमचा बूट. बूट झटकून घालायचा, रात्री बॅटरीशिवाय अंगणात उतरायचं नाही, लाकडं घराला टेकून रचायची नाहीत. कोकणातला लाल विंचू एकेकाळी जीव घ्यायचा, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्रॅझोसिन हे औषध वापरून ते मृत्यू किती कमी केले हे वाचा कधी. फुरसं चावलं तर मांत्रिक नको, चिरणं-बांधणं नको, सरळ दवाखाना. आणि शेतात अनवाणी उतरणार असाल, पायाला जखम असेल तर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) गोळी डॉक्टरांना विचारून घ्या.

धुकट
धागाकर्ता आता कोथरूडचं इंटिरियर नवीन करून घेतोय असं ऐकलं.

शेवटची_यष्टी
अजून नाही, पण बायको हा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवत होती.

आगोटी
सगळे घाबरवतायत म्हणून मी खाण्याकडे नेते. मे महिन्यात आमच्याकडे बेगमी चालू होते. मसाले कुटून, पापड-कुरडया, आमसुलं, फणसाची साठं, सुकट, सोडे, बोंबील खडखडीत वाळवून डब्यात, लाकूडफाटा पडवीत. कौलं परतून घ्यायची, फुटकी बदलायची, नैऋत्येच्या भिंतीला पावसाची झड लागते तिकडे झाप नाहीतर आता पत्रा किंवा प्लास्टिक बांधायचं. हे २५ मेपर्यंत व्हायला हवं आणि त्या २०२५ ला पावसाने आमची सगळ्यांची वाळवणं भिजवली.
पहिला पाऊस झाला की शेवळं ही रानभाजी. काकडं (आंबट रानफळं) घालून करायची, नाहीतर घसा खाजतो. मग टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी. अळंबी मिळाली तर त्या दिवशी कुणाला फोन करायचा नाही, वाटा मागतात. बाजारात जावं लागतच नाही महिनाभर.

गोदाकाठ
शेवळांची कृती टाका.

आगोटी
वेगळा धागा काढते, नाहीतर अॅडमिन ओरडतील.

सिंगापुरी_शेव
मी सिंगापूरला असतो. इथे बारा महिने पाऊस, बारा महिने तीच हवा, कपाटात बुरशी बारा महिने. तुमच्याकडे निदान डिसेंबर आहे. मला विचाराल तर वर्षात एकदा आभाळ कोरडं होणं ही चैन आहे.

माडाची_सावली
काकूंसाठी मुद्दाम लिहिते, सांधेदुखीचं कुणीच बोललं नाही. माझ्या आईलाही आहे. तिचं म्हणणं, पावसाने दुखत नाही, पावसात हालचाल बंद होते त्याने दुखतं. शेवाळलेल्या पायऱ्या, अंगणात घसरडं, म्हणून जुलैत बाहेर पडायची भीती. तिने काय केलं, दरवर्षी मेमध्ये अंगणाच्या वाटेवर खडबडीत चिरे, बाजूला रेलिंग, शेवाळ ब्लीचिंग पावडरने घासून काढायचं, आणि घराला चारी बाजूंनी रुंद पडवी, त्या पडवीतच तिच्या रोज फेऱ्या. पडवीला पैसे कमी करू नका. कपडे पण तिथेच वाळतात, म्हणजे वाळत घातलेले असतात, वाळतात गणपतीला.
दुसरं म्हणजे दवाखाना. साध्या गोष्टींना दापोलीत डॉक्टर चांगले आहेत, मोठं दुखणं आलं की डेरवणचं हॉस्पिटल किंवा थेट पुणं-मुंबई. पावसाळ्यात घाट कधी बंद असेल सांगता येत नाही, वरंधा तर पावसाळ्यात धरूच नका. काकूंना विचारा की आठ दिवस सूर्य नाही, लाइट जातेय येतेय, पाहुणा नाही, फक्त पागोळ्यांचा आवाज, हे आवडेल का. काहींना खूप आवडतं. माझ्या वहिनीला नाही आवडलं, ती दर जुलैत माहेरी जाते आणि घरात कुणाला त्याचं काही वाटत नाही.

कुबट
स्लॅबचं घर बांधू नका हे पण सांगा कुणीतरी. स्लॅब गळतेच, मग तिच्यावर पत्र्याची शेड घालतात, म्हणजे दोन छपरांचा खर्च. आमच्या आळीत एकही उघडी स्लॅब उरलेली नाही.

पारा_चढला
उतरतं छप्पर, बाहेर दोन-अडीच फूट वळचण, जोतं उंच. पण वळचण जास्त बाहेर काढली की वादळात वारा तिथेच पकडतो, म्हणून किनाऱ्यावर वासे भिंतीला नीट बांधलेले पाहिजेत. सड्यावर वारा उघडा असतो हे विसरू नका, तिथेही हेच.

शेवटची_यष्टी
सगळ्यांचे आभार. रात्री दोघांनी बसून सगळे प्रतिसाद परत वाचले. आमच्या मंडळींचा निकाल असा: जागा आत्ता घ्यायची नाही. आधी दापोली गावातच भाड्याने घर घ्यायचं, एप्रिलमध्ये जायचं आणि गणपती होईपर्यंत हलायचं नाही. म्हणजे मेची विहीर पण दिसेल आणि तो म्हातारा पाऊस पण. त्यातून दोघं एकमेकांशी बोलत असू तर डिसेंबरात जागा बघू. आंजर्ल्याची मी सोडल्यात जमा आहे, तिची मात्र तीच आवडती आहे, तिला सड्यावरचा उन्हाळा नको. पुस्तकं पुण्यातच राहणार.
आता भाड्याच्या घराचं सांगा, एक कौलारू मिळतंय, स्वस्त आहे, एक नवीन पत्र्याचं आहे.

सडेकर
बरोबर चाललंय. कौलारू घ्या, उन्हाळ्यात जीव वाचेल. पत्र्याखाली एप्रिलची दुपार काढणं कठीण आणि पावसात पत्र्याचा आवाज इतका की एकमेकांशी बोलताच येणार नाही, भांडायचं तरी कसं. फक्त मालकाकडून लिहून घ्या की कौलं मेमध्ये तो परतून देणार. आणि विहिरीत शेजाऱ्यांचा पंप किती वाजता चालतो ते विचारा.

हर्णैकर
कौलारू म्हणजे माकडं आलीच. सकाळी कळप छपरावरून जातो, एका फेरीत पाच-सहा कौलं जातात, नेमकी पलंगाच्या वरची. दहा-वीस कौलं जास्तीची आणून ठेवा, पावसात गवंडी मिळत नाही.

शेवटची_यष्टी
माकडांचं कुणीच आधी बोललं नाही?!

सडेकर
त्याला वेगळा धागा लागेल. फार मोठा विषय आहे.

झाडावरचा_आंबा
काढा धागा, मी येतो. माझ्याकडे लिहिण्यासारखं खूप आहे आणि त्यातलं निम्मं इथे छापता येणार नाही.